सूर्यास्तापूर्वीचे मंगळूर

परगावी गेल्यावर तेथील उपाहारगृहे धुंडाळणे हा प्रवासाचा अर्धा आनंद असतो. परंतु ज्याने कंदमुळांचा आणि रात्रिभोजनाचा त्याग केला आहे, त्याच्या वाट्याला बहुधा दहीभात आणि सोबत्यांची सहानुभूती एवढेच येते. नगरच्या आडत बाजारातील चार मित्र डिसेंबरात मंगळूरला निघाले, तेव्हा एकाच्या मनात हीच धास्ती होती. चौघांत दोघे जैन. त्यांतील एकाने नुकत्याच सरलेल्या चातुर्मासात चौविहार आणि कंदमूळत्यागाचा नियम घेतला होता. “माझ्यामुळे तुमची सहल आळणी होईल, तुम्ही तिघेच जा,” असे त्याने सांगून पाहिले. शाळेपासूनच्या मित्रांनी ते मानले नाही.

मंगळूर हे बंदराचे शहर. मासळीसाठी त्याची ख्याती. तथापि त्याच्या उत्तरेस सुमारे साठ किलोमीटरवर उडुपी आहे. तेथील श्रीकृष्ण मठाच्या परंपरेत कांदा-लसूण वर्ज्य आहे, आणि त्या पाकपरंपरेतूनच उडुपी उपाहारगृहे देशभर पसरली. माटुंग्यातील रामा नायक यांचे १९४२ सालचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग मुंबईकर व्यापाऱ्यांना परिचित आहेच. त्यामुळे मंगळुरात आपली सोय सहज होईल, असे मित्रांनी गृहीत धरले. नेमकी तेथेच चूक झाली.

पहिल्या सायंकाळी साडेपाचला चौघे एका गजबजलेल्या उपाहारगृहात शिरले. गरमागरम गोळीबजे आले. मैदा, दही, मिरची व ओल्या खोबऱ्याचे तुकडे घालून तळलेले हे गोळे. नियमधारी मित्राने विचारपूस केली. वाढप्याने प्रामाणिकपणे सांगितले, “शुंठी आहे.” सुंठ वाळवलेली असते, तिला हरकत नाही, असे समजून त्याने घास घेतला; तो ओल्या आल्याचा निघाला. कन्नडमध्ये ‘शुंठी’ म्हणजे आलेच. आपल्या सुंठेला तेथे ‘ओण शुंठी’ म्हणतात. दोष वाढप्याचा नव्हता, भाषेचा होता. मित्राने बशी मुकाट्याने बाजूला सारली आणि पाणी पिऊन तो उठला. सहा वाजून गेले. थोड्याच वेळात सूर्य मावळला. बाकीचे तिघे गप्पांत रंगले होते. तो उपाशी राहिल्याचे त्यांच्या लक्षात आले ते रात्री खोलीवर परतल्यावर. “सांगितले का नाहीस?” या प्रश्नावर तो एवढेच म्हणाला, “तुमच्या ताटातला आनंद कशाला मोडायचा?”

हे उत्तर सर्वाधिक लागले ते चौघांतील मराठा मित्राला. सकाळी त्याने लॉजच्या व्यवस्थापकाकडून कन्नडमध्ये चिठ्ठी लिहून घेतली : कांदा नको, लसूण नको, बटाटा-गाजर नको, ओले आले नको. दुसरे काम त्याने वेळांच्या चौकशीचे केले. जेवणाची थाळी तीनच्या सुमारास बंद होते, रात्रीचे जेवण सातनंतर. मधल्या वेळेत केवळ फराळ मिळतो. तेव्हा दुपारी पोटभर जेवण आणि पाच वाजता फराळ, असा क्रम ठरला.

या क्रमाने मंगळूर निराळेच उलगडले. केळे घालून केलेले बन्स मऊ व किंचित गोड. पण त्यांचे पीठ रात्रभर भिजते हे कळल्यावर नियमधारी मित्राने ते नाकारले, बाकीच्यांनी खाल्ले. नीर डोशाने मात्र सर्वांना जिंकले. ‘नीर’ म्हणजे पाणी. तांदूळ भिजवून वाटायचे, पाण्यासारखे पातळ करायचे, आंबवायचे नाही आणि लगेच तव्यावर ओतायचे. सोबत खोबरे व गूळ. गडबड आइस्क्रीमच्या उंच पेल्यात फळे, सुकामेवा आणि जेलीचे थर असतात. जेलीत जिलेटिन असू शकते, म्हणून ती वगळून एक पेला मागवला गेला.

तिसऱ्या दिवशी सुमारे ३५ किलोमीटरवरील मूडबिद्रीला जाऊन त्यांनी १४३० सालची चंद्रनाथ स्वामींची हजार खांबांची बसदी पाहिली. परतताना मराठा मित्र मासे खाण्यासाठी वेगळा उतरला. त्याला कोणी अडवले नाही. पाच वाजता मात्र तो चिठ्ठी घेऊन ठरलेल्या ठिकाणी हजर होता. रात्री नऊला त्याला पुन्हा भूक लागली, तेव्हा तो एकटाच खाली जाऊन गडबड खाऊन आला आणि सकाळी त्याने तसे हसत सांगितलेही.

निघताना नियमधारी मित्राने ती चिठ्ठी मागून घेतली. मराठा मित्राने दिली नाही. “पुढच्या वर्षी कोचीला जायचे आहे,” तो म्हणाला, “तिथे मल्याळममध्ये लिहून घ्यावी लागेल. नमुना माझ्याजवळ राहू दे.”

नियम पाळणाऱ्याने आपली अडचण संकोचाने गिळू नये आणि सोबत्यांनी ती विचारल्यावाचून राहू नये, एवढे जमले की पंक्ती मोडत नाही.