काचेवरचं कोटिंग वायपरच्या जागी नाही, वायपरच्या जोडीला

समोरच्या काचेला वॉटर रिपेलंट लावलं की वायपर लागत नाही, हा दावा अर्धाच खरा आहे. नुसत्या काचेवर पाणी पसरतं, त्याचा पातळ पडदा होतो आणि रस्ता हलताना दिसतो. कोटिंगमधलं सिलिकॉनवर्गीय द्रव्य काचेला धरून बसतं. मग थेंब गोल होतात आणि गाडी ताशी साधारण ६० किलोमीटरच्या पुढे गेली की वाऱ्यानेच वर सरकतात. म्हणून एक्सप्रेसवेवर फरक लगेच कळतो. ट्रॅफिकमध्ये किंवा घाटाच्या चढावर मात्र थेंब जागीच बसतात, रात्री समोरच्या हेडलाइटचा उजेड त्यांच्यात फुटतो. तिथे वायपर हवाच.

कोटिंगनंतर वायपर थरथरतो, ही तक्रार रास्त आहे. पण बहुतेकदा दोष तयारीचा असतो. काचेवर तेलाचा, जुन्या वॅक्सचा थर असेल तर कोटिंग डागाडागाने बसतं आणि रबर अडखळतं. आधी काच धुवा, क्ले बारने घासा. बोट फिरवताना खरखर लागता कामा नये. मग सावलीत, पूर्ण कोरड्या काचेवर लावा आणि उरलेला धूसर थर मायक्रोफायबरने काढून टाका. रबर कडक झालं असेल तर कोटिंगवर खर्च करण्याआधी ते बदला.