एका जनुकाची वीस वर्षं

एलएचएक्स-२ हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांवरचा निबंध १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्या भ्रूणांना डोळे नव्हते, अग्रमेंदू खुरटलेला होता आणि ती जन्मापर्यंत पोचतच नव्हती. जनुक महत्त्वाचं, एवढं कळलं. पण सगळंच कोसळल्यावर मूळपेशींना ते नेमकं काय सांगत होतं, हे कुठून कळणार?

ते उकलण्यात मोठा वाटा आहे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शुभा टोळे यांच्या प्रयोगशाळेचा. २००८मध्ये त्यांनी आणि कॅलिफोर्नियातल्या एडविन मोनुकी यांच्या गटाने 'सायन्स'मध्ये जे दाखवलं, ते आजही वाचताना चक्रावून जायला होतं. एकाच मेंदूत काही पेशींत जनुक शाबूत, काहींत नाही, अशी सरमिसळ त्यांनी केली. मेंदूच्या बाह्यकात आतल्या बाजूला जिथे जनुक नव्हतं, तिथल्या पेशी बाह्यक व्हायचं सोडून त्याच्या कडेची 'हेम' नावाची पट्टी झाल्या. ही पट्टी शेजाऱ्यांना संदेश देते. त्यामुळे लगतच्या धडधाकट पेशींनी भलत्याच ठिकाणी हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मृतीशी निगडित भाग, घडवायला घेतला. मात्र हे सगळं अगदी सुरुवातीच्या, पेशी अजून मूळपेशीच असतात त्या काळातच. तो काळ सरला, की पेशी हेमकडे वळत नाहीत.

मग जनुकाचं काम तिथेच संपतं का? नाही. मूळपेशी आधी चेतापेशी तयार करतात आणि ॲस्ट्रोसाइट या आधारपेशी नंतर. हिप्पोकॅम्पसमध्ये या क्रमावरही त्याचा ताबा असतो. भ्रूणाच्या मेंदूतल्या पोकळीत डीएनए टोचायचा, विजेचे हलके झटके द्यायचे, म्हणजे तो आसपासच्या पेशींत शिरतो. या तंत्राने हिप्पोकॅम्पसमधलं एलएचएक्स-२ निकामी केलं, तर ॲस्ट्रोसाइट वेळेआधीच हजर! उलट, ते जास्त दिलं तर चेतापेशींचं उत्पादन लांबत गेलं. नॉच आणि एनएफआयए ही जनुकं पेशीला ॲस्ट्रोसाइटकडे ढकलतात, त्यांना हे ब्रेक लावतं. टोळे यांच्याच प्रयोगशाळेच्या २०११च्या या निबंधातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग म्हणजे न घडलेली गोष्ट: शेजारच्या नवबाह्यकात तोच प्रयोग केला, तर अशी घाई झालीच नाही.

नवबाह्यकातलं त्याचं वेगळं काम २०१७मध्ये पुढे आलं. तिथे ते डीएनएची गुंडाळी बदलणाऱ्या एनयूआरडी या प्रथिनसमूहाशी हातमिळवणी करून एफईझेडएफ-२ या जनुकाला आवर घालतं. तो आवर सुटला, की नवबाह्यकाच्या पाचव्या थरातल्या चेतापेशी वाजवीपेक्षा जास्त तयार होतात.