वैद्यकीय प्रतिनिधी आणि १९७६ चा कायदा

औषधांचे नमुने भरलेली बॅग घेऊन दवाखान्यामागून दवाखाने हिंडणारा वैद्यकीय प्रतिनिधी हा औषधव्यवसायाचा आधारस्तंभ असला, तरी त्याची नोकरी विक्रीच्या उद्दिष्टावर आणि वरिष्ठांच्या मर्जीवर अवलंबून राहते. आणि तो एकटाच फिरत असल्यामुळे, दूरच्या मुलखातील बदलीचा हुकूम हा त्याच्या बाबतीत शिक्षेइतकाच जाचक ठरू शकतो. ही विषमता दूर करण्याच्या दिशेने संसदेने १९७६ साली विक्री संवर्धन कर्मचारी (सेवाशर्ती) अधिनियम संमत केला व तो प्रथम औषधव्यवसायालाच लागू केला. नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक झाले, कामावरील काळाच्या किमान एक-अकरांश इतकी भरपगारी रजा मिळू लागली, आणि औद्योगिक विवाद अधिनियमाच्या तरतुदी या नोकरवर्गालाही लागू झाल्या.

तथापि १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने, अद्यंतया विरुद्ध सँडोझ या खटल्यात, वैद्यकीय प्रतिनिधी औद्योगिक विवाद अधिनियमातील मूळ व्याख्येनुसार 'कामगार' नव्हेत असा निर्णय दिला. परिणामी, त्याच व्याख्येवर अवलंबून असलेल्या, अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याखाली दाद मागण्याचा मार्ग त्यांना त्या वेळी बंद झाला. हा निर्णय कायद्याच्या शब्दाला धरून असेल, परंतु ज्या महाराष्ट्रात हा व्यवसाय इतका फोफावला, तेथेच ही दारे बंद व्हावीत, हे खेदजनक होते.

उत्तम माणसे टिकत नाहीत अशी तक्रार करणाऱ्या व्यवस्थापकांनी प्रथम आपल्या बदल्यांचे दप्तर तपासावे. आणि नव्याने रुजू होणाऱ्या तरुणांनी नेमणूकपत्र मागून घेऊन ते जपून ठेवावे.