माहिती चौकट : महेश कोठारे आणि त्यांची भुतंखेतं

‘छोटा जवान’ (1963) मधला बालकलाकार 1985 मध्ये ‘धुमधडाका’ घेऊन दिग्दर्शक झाला. सुरुवात निखळ विनोदाची होती, पण लवकरच कोठारेंच्या पडद्यावर टकलू हैवान, कवट्या महांकाळ असले खलनायक अवतरले. नावं ऐकूनच हसू यावं, तरी पोरं घाबरायची.

‘धडाकेबाज’ (1990) मराठीतला पहिला सिनेमास्कोप चित्रपट मानला जातो.

पुढे आला ‘झपाटलेला’ (1993). मरता मरता गुंड तात्या विंचूचा आत्मा बाहुल्यात शिरतो आणि लक्ष्मीकांत बेर्डेच्या लक्ष्याची झोप उडते. कल्पनेचं मूळ अमेरिकी ‘चाइल्ड्स प्ले’मध्ये (1988), पण बाबा चमत्कारचा मृत्युंजय मंत्र अस्सल इथला. बाहुला रामदास पाध्यांचा, तात्या दिलीप प्रभावळकरांचा. इन्स्पेक्टर महेश जाधव अर्थात खुद्द कोठारे. ‘डॅमिट’शिवाय त्यांचं पान हलत नसे.



‘झपाटलेला 2’ (2013) थ्रीडीत आला. नायक मुलगा आदिनाथ. भाव मात्र पुन्हा बाहुलाच खाऊन गेला.