तक्रार नाही, आजार आहे

लैंगिक आरोग्य म्हटले की आपल्याला एकदम एड्स आठवतो, नाहीतर कुटुंबनियोजन. बाकीच्या प्रकृतीशी त्याचा काही संबंध असेल हे सहसा मनात येत नाही. म्हणून गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व सहकाऱ्यांनी केलेली पाहणी आपण जरा बारकाईने पाहू. १९८९ साली ती 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाली.

दवाखान्यात आलेल्या बायकाच तपासल्या, तर न आलेल्यांचे काय ते कळत नाही. म्हणून इथे गावातल्याच ६५० स्त्रियांची तपासणी झाली. ९२ टक्के स्त्रियांना प्रजननमार्गाचा किंवा लैंगिक असा एक तरी आजार निघाला. पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. पण आम्हांला खरा बोलका वाटतो तो वेगळाच आकडा : तक्रार सांगितली ती ५५ टक्के स्त्रियांनी. वर्गात हे गणित जरूर करून पाहावे. ९२ मधून ५५ वजा केले तर उरतात ३७. म्हणजे शंभरातल्या निदान ३७ जणींना आजार होता, पण तक्रार नव्हती!

हे कसे होते? योनिमार्गात दुग्धाम्ल तयार करणाऱ्या जीवाणूंची वस्ती असते. त्यामुळे तिथला सामू साधारण ४ च्या आसपास राहतो आणि पुष्कळ रोगजंतूंना तिथे थारा मिळत नाही. प्रतिजैविकांनी हे जीवाणू मेले, किंवा मधुमेह असला, तर बुरशी वाढू शकते. म्हणजे इथला प्रत्येक संसर्ग शरीरसंबंधातूनच येतो असे नाही. 'गुप्तरोग' या शब्दाने मात्र सगळे एकाच पिशवीत कोंबले जातात, आणि बाई गप्प बसते.

परमा आणि क्लॅमिडिया हे संसर्ग संबंधातूनच येतात. स्त्रीला पुष्कळदा काहीच जाणवत नाही. जंतू मात्र गर्भाशयातून गर्भनलिकांपर्यंत चढतात. तिथे व्रण राहून नलिका बुजली, की मूल होत नाही. कधी गर्भ नलिकेतच रुजतो आणि जिवावर बेतते. मूल नाही म्हणून घरात बोल लागतो तो बाईलाच. वेळीच औषध मिळाले असते तर हे टळले असते. अर्थात उपचार नवरा-बायको दोघांनी घ्यायला हवेत, नाहीतर संसर्ग फिरून येतो.

पाठ्यपुस्तकातली आकृती अवयवांच्या नावांपाशी थांबते. तिथेच मुलींना एवढे सांगता येईल : पाण्यासारखा किंवा पांढरट, दुर्गंधी नसलेला स्राव निरोगी असतो, आणि महिन्याभरात तो कमीजास्त होतो. तो पिवळा-हिरवट झाला, घाण वास आला, खाज सुटली किंवा ओटीपोटात दुखू लागले, तर डॉक्टरांना दाखवावे. मुलग्यांनाही हे ऐकू द्यावे.