शिक्षा भोगून झाल्यावर

आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला तुरुंगाच्या भिंती नाहीत. औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलिश अभियंते मॉरिस फ्रिडमन यांच्या पुढाकाराने १९३९ मध्ये ही खुली वसाहत उभी राहिली. त्याच मुलखातल्या ग. दि. माडगूळकरांच्या कथेवरून व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला आणि हा प्रयोग देशभर माहीत झाला. स्वतंत्रपूरचा विषय निघाला की विश्वास टाकल्यावर माणूस कसा बदलतो यावर आपण भरभरून बोलतो. मला त्यातली दुसरी बाजू अधिक मोलाची वाटते. तिथे कैदी बायकामुलांसह राहतो, शेत कसतो. सुटल्यावर माणसाला जे लागते, म्हणजे घर, काम आणि आपली माणसे, ते शिक्षा चालू असतानाच त्याच्या हाताशी असते. इतर कारागृहांतून सुटणाऱ्याला हे सगळे नव्याने जमवावे लागते, आणि त्याच्या वाटेतला सर्वांत मोठा अडसर समाजाच्या मनापेक्षाही सरकारी कागदपत्रांचा आहे, असे माझे म्हणणे आहे.

पुनर्वसन म्हटले की आपल्याला सुतारकाम, हातमाग, बेकरी आणि दिवाळीतली कैद्यांच्या वस्तूंची प्रदर्शने आठवतात. ती चांगलीच आहेत, पण हे काम मुख्यतः पक्क्या कैद्यांसाठी असते. २०२२ च्या अखेरीस देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ जण कच्चे कैदी होते, म्हणजे दर चारांतले तीन. कच्चा कैदी कधी सुटेल हे कारागृहालाही ठाऊक नसते. जामिनाचा आदेश येतो, कागद तपासले जातात आणि दिवेलागणीला तो फाटकाबाहेर उभा असतो. हातात आत जाताना जमा केलेल्या सामानाची पिशवी. मोबाईल अनेकदा पोलिसांच्या मुद्देमालात, आणि घरच्यांचे नंबर त्या मोबाईलमध्ये. एखाद्या ठेकेदाराने काम दिलेच तर पगार बँकेत जमा होणार. खात्यासाठी बहुधा आधारच मागतात, आधारला जोडलेला नंबर वापराविना बंद पडून दुसऱ्याच कुणाला मिळालेला, त्यामुळे ओटीपी येत नाही. शिकलेले कौशल्य इथपर्यंत पोचतच नाही.

यातून निभावले तर पुढे चारित्र्य पडताळणी. रिक्षाचा बॅज, सुरक्षा रक्षकाची नोकरी, घरपोच सामान पोचवण्याचे काम, शहरात कमी शिकलेल्याला मिळणाऱ्या अशा बऱ्याच कामांना ती लागते. गुन्हा कोणता, किती जुना, त्याचा या कामाशी संबंध काय, हे प्रश्न तिथे सहसा कुणी विचारत नाही. ‘गुन्हा दाखल’ एवढे दिसले की अर्ज बाजूला पडतो, निकाल लागायचा असला तरी. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात सांगितले की, उमेदवाराने माहिती दडवली असली तरी गुन्ह्याचे स्वरूप आणि पदाची गरज पाहूनच निर्णय घ्यावा. जुना गुन्हा कायमचा आड येऊ नये, हे तत्त्व आपल्या कायद्यांना नवे नाही. परिविक्षेवर सोडलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही, हे १९५८ च्या कायद्याचे बारावे कलम सांगते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यातही मुलांसाठी तशी तरतूद आहे. ब्रिटनने तर १९७४ मध्येच ठरावीक काळ गुन्ह्याविना गेला की अनेक जुन्या शिक्षा बहुतेक नोकऱ्यांसाठी बाद धरायचा कायदा केला. आपल्याकडे प्रौढ माणसाला मात्र असा दिवस नेमून दिलेला नाही.

सरळमार्गी तरुण बेकार असताना यांच्यासाठी हे कशाला, हा आक्षेप कळकळीचा आहे आणि तो झटकून टाकू नये. पण इथे राखीव जागा कुणी मागत नाही, रांगेत उभे राहू द्या एवढीच मागणी आहे. मालकाच्या जोखमीचा मुद्दाही खरा आहे. मुलांवर अत्याचार केलेल्याला शाळेत नेमू नये, अपहार केलेल्याकडे तिजोरी देऊ नये. म्हणूनच सरसकट नकाराऐवजी कामागणिक विचार हवा. राज्य सहकारी बँकेने २०२२ मध्ये येरवड्यात ‘जिव्हाळा’ योजना आणली आणि शिक्षा भोगत असलेल्या माणसाला त्याच्या तिथल्या कमाईच्या भरवशावर पन्नास हजारांपर्यंत कर्ज देऊ केले. आत असलेल्यावर बँक एवढा भरवसा टाकते, तर सुटलेल्याची पारख करणे अशक्य नाही. आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे काय? १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कैद्याला न्याय्य मजुरी द्या आणि तिच्यातला काही भाग पीडितांच्या भरपाईसाठी ठेवा, असे सांगितले. कमाई असेल तरच भरपाई निघते. रिकाम्या हाताच्या माणसाकडून पीडिताला काहीच मिळत नाही.

टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून मुंबईत हे काम करतो आहे. त्याचे कार्यकर्ते आत असतानाच माणसाशी बोलतात, घरच्यांशी गाठ घालून देतात, आणि सुटल्यावर काहींना स्वयंसेवी संस्थांमध्ये उमेदवारीचे काम मिळवून देतात. त्या काही महिन्यांत माणसाच्या नावावर अलीकडचा, खरा अनुभव जमा होतो, पुढच्या मालकाला विचारपूस करायला कुणीतरी असते. याला मी सर्वांत जास्त किंमत देईन. पण दोन-चार संस्थांच्या बळावर राज्य चालत नाही. पक्क्या कैद्याची सुटकेची अंदाजे तारीख कारागृहाच्या नोंदीत आधीपासून असते. तिच्याआधी तीन महिने आधार, बँक खाते आणि मोबाईल नंबर यांची जुळणी कारागृहातच करता येईल. कच्च्या कैद्यांसाठी फाटकापाशी एक टेबल, एक फोन आणि परिविक्षा अधिकाऱ्याच्या कार्यालयातला एक माणूस रोज संध्याकाळी असावा. एवढ्यासाठी नवा कायदा लागत नाही. चारित्र्य प्रमाणपत्रासाठी मात्र तो लागेल: किती वर्षांनी कोणत्या शिक्षेची नोंद मालकाला कळवायची नाही, कोणती कामे यातून वगळायची, आणि नकार दिल्यास त्याचे कारण अर्जदाराला लेखी कुणी द्यायचे, हे विधिमंडळाने ठरवायला हवे.