ऐकणाऱ्याचे कोण ऐकणार?

आमच्या शाळेतून दहावी होऊन गेलेल्या काही मुली पुढे एम.एस.डब्ल्यू. झाल्या. आज त्यांतली कुणी समुपदेशन केंद्रात आहे, कुणी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात, कुणी बालगृहात. भेटल्या की पगाराचे रडगाणे गातात, ते रास्तच आहे. पण नोकरीला दोन-तीन वर्षे झालेल्या मुलींकडून आम्हाला आणखी एक गोष्ट ऐकू येते : "मॅडम, कॉलेजात होतो तेव्हा आमचं कुणीतरी ऐकायचं. आता फक्त रिपोर्ट मागतात."

कॉलेजात काय होते ते आधी सांगतो. आपल्या देशात समाजकार्याचे रीतसर शिक्षण 1936 साली मुंबईत सुरू झाले. क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी नागपाड्याच्या वस्तीत काम उभे केले होते, त्या अनुभवातून ते विद्यालय आकाराला आले. पुढे तेच टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून नावारूपाला आले. या शिक्षणात पुस्तकांइतकेच महत्त्व क्षेत्रकार्याला असते. विद्यार्थिनी आठवड्यातून दोन दिवस वस्तीत किंवा संस्थेत जाते, काय पाहिले, काय केले ते लिहून काढते आणि ते घेऊन आपल्या मार्गदर्शक शिक्षकांसमोर बसते. या बैठकीला सुपरव्हिजन म्हणतात. पदवी हातात पडली की बहुतेकींच्या आयुष्यातून ही बैठक नाहीशी होते, आणि खरी कठीण प्रकरणे तर तेव्हाच सुरू होतात.

काम कसले असते? 1984 पासून मुंबईत पोलिसांच्या सोबतीने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष चालतो. अशा ठिकाणी मार खाल्लेली बाई येते. मूल सासरच्यांनी ठेवून घेतलेले, दागिने त्यांच्याच कपाटात, माहेरचे म्हणतात परत जा. कार्यकर्ती तिचे ऐकते, अर्ज लिहिते, नवऱ्याला बोलावते, दवाखान्यात सोबत जाते. ती गेली की दुसरी येते. संध्याकाळी कार्यालयाला कुलूप लागते, पण कानातले आवाज सोबत घरी येतात.

न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात राबणारे स्वयंसेवक असेच हळूहळू कोरडे पडत गेलेले हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञांनी पाहिले, आणि 1974 साली त्याला 'बर्नआउट' असे नाव देऊन त्यावर लिहिले. आपल्या स्वयंपाकघरात याला करपणे म्हणतात : आच तीच, पण पाणी आटलेले. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली त्याची नोंद घेतली ती आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणून. हा फरक आम्हाला फार मोलाचा वाटतो. मुलगी नाजूक आहे म्हणून करपत नाही. संस्थेने वर्षातून एकदा सहल काढली किंवा योगाचे शिबिर भरवले की झाले, असेही नाही.

सुपरव्हिजनची तीन कामे आल्फ्रेड कादुशिन यांनी 1976 च्या आपल्या ग्रंथात मांडली : कामावर देखरेख, शिकवणे आणि आधार देणे. आपल्याकडे पहिले तेवढे उरले. बाकीची दोन काय करतात ते पाहू. समजा, एका कार्यकर्तीने कळवळ्याने आपला खासगी नंबर एका बाईला दिला. आता रात्री एक वाजता फोन येतो. वरिष्ठ नुसता रिपोर्ट तपासणारा असेल तर हे त्याच्या कानावरच येणार नाही. चांगली सुपरव्हायझर रागावत नाही. ती विचारते, "फोन उचलला नाहीस तर काय होईल असं तुला वाटतं?" त्या प्रश्नातून भीती बाहेर येते. मग दोघी मिळून ठरवतात : रात्रीसाठी त्या बाईला 181 आणि 112 हे क्रमांक द्यायचे, जवळची एखादी शेजारीण गाठून ठेवायची, आणि आपली वेळ तिला स्पष्ट सांगायची. कधी आणखी खोलातले निघते. कार्यकर्तीच्या स्वतःच्या बहिणीचा संसार मोडलेला असतो, म्हणून समोरच्या बाईला ती नकळत घाईने एकाच वाटेला लावत असते. हे तिला एकटीला दिसत नाही. म्हणजे सुपरव्हिजन हे कार्यकर्तीचे लाड नव्हेत. मदत मागायला आलेल्या बाईचेही त्यात रक्षण आहे.

इंग्लंडमध्ये नव्या समाजसेवकाच्या पहिल्या वर्षासाठी मानकच आहे : सुरुवातीचे सहा आठवडे दर आठवड्याला बैठक, सहा महिन्यांपर्यंत पंधरवड्याला, नंतर किमान महिन्याला. आपल्याकडे ते संस्थाचालकांच्या मर्जीवर आहे.

घरच्यांचाही यात वाटा आहे. आपले मोहल्ले लहान, नाती गुंतलेली. केंद्रात आलेली बाई शेजारच्या खालाची सून असू शकते. "आज कोण आलं होतं गं?" असे अम्मीने सहज विचारले तरी मुलीला सांगता येत नाही, सांगूही नये. मग ती गप्प बसते आणि घरात म्हणतात, नोकरी लागल्यापासून हिला शिष्टपणा आला. सासर असेल तर विचारायलाच नको. नाव विचारू नका. "दिवस जड गेला का?" एवढे विचारा, आणि आल्याआल्या पिठाची परात पुढे न सरकवता अर्धा तास तिचा तिला द्या. झोप उडाली, जेवण सुटले, किंवा ऐकलेले प्रसंग डोळ्यांसमोरून हलेनासे झाले, तर 14416 ही सरकारची टेलि-मानस सेवा मोफत आहे. तिथे मराठीत बोलता येते.

आपल्या समाजातले ट्रस्ट आणि अंजुमनही आता सल्ला केंद्रे उघडू पाहत आहेत. खिदमतीच्या भावनेने कार्यकर्ती कमी पगारात तयार होते आणि चालकांना तेच सोयीचे वाटते. जागेचे भाडे, छपाई, उद्घाटनाचा मंडप यांची तरतूद असते. महिन्यातून दोन वेळा बाहेरून एखादी अनुभवी समाजसेविका बोलावून कार्यकर्त्यांसोबत बसवायची, तर तिचे मानधन आणि येण्याजाण्याचा खर्च एवढेच लागते. मात्र ती त्याच संस्थेची पदाधिकारी नसावी. पगारवाढ ठरवणाऱ्यासमोर कुणी मन मोकळे करत नाही. आणि मुलीच्या मुलाखतीला सोबत जाणाऱ्या वडिलांनी पगार, वेळ, बसची सोय विचारून झाली की हेही विचारावे : "अडचणीचं प्रकरण आलं तर ती कुणाशी बोलणार, आणि कोणत्या दिवशी?"